भूजलाचा ताळेबंद आणि गावाचा निर्णय

(सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, ग्रामसेवक व शिक्षक यांच्या प्रशिक्षण वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या माझ्या भाषणाचा विषय शास्त्राचा आहे आणि मी शास्त्राचा पदवीधर नाही. कला शाखेत शिकून शासनाच्या माहिती खात्यात आलेला मी एक अधिकारी आहे. तरीही हा विषय मी आनंदाने स्वीकारला. भूवैज्ञानिक जे मोजतात, नोंदवतात आणि सांगतात, ते ज्यांच्यासाठी सांगायचे त्या गावकऱ्यांपर्यंत पोहोचले नाही, तर त्या साऱ्या मोजणीचा उपयोग काय? शास्त्रज्ञाचा अहवाल आणि ग्रामसभेचा ठराव यांच्यामधले अंतर कमी करणे हे माझ्यासारख्याचे काम आहे, तसेच ते आपणा सर्वांचेही काम आहे.

पाऊस आपल्याला दिसतो. नदीला आलेला पूर दिसतो, तलाव भरलेला दिसतो. भूगर्भातील पाणी मात्र दिसत नाही आणि जे दिसत नाही ते अमर्याद आहे अशी माणसाची सहज समजूत होते. आपल्या ग्रामीण भागातील बहुसंख्य पाणीपुरवठा योजना, तसेच विहिरीवर भिजणारी शेती, या न दिसणाऱ्या पाण्यावरच उभ्या आहेत. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ असे आपण सारेच म्हणतो. परंतु आडात नेमके किती आहे, हे पोहरा सोडण्यापूर्वी विचारणारे थोडे. हा प्रश्न विचारण्याचे आणि त्याचे उत्तर आकड्यांत देण्याचे काम शासनाच्या काही संस्था गेली अनेक वर्षे निष्ठेने करीत आहेत.

मोजणीची परंपरा

आपल्या देशात जमीन, हवा आणि खडक यांच्या शासकीय मोजणीची परंपरा जुनी आहे. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ मध्ये, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभाग १८५१ मध्ये आणि हवामानशास्त्र विभाग १८७५ मध्ये स्थापन झाला. भूजलाकडे स्वतंत्रपणे लक्ष देण्यास मात्र बराच काळ जावा लागला. केंद्रीय भूमिजल मंडळ १९७० मध्ये अस्तित्वात आले आणि १९७२ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाची भूजल शाखा त्यात विलीन झाली. त्याच सुमारास महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली.

तो काळ कोणता, हे येथील वडीलधाऱ्यांना सांगायला नको. १९७२-७३ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या मनातून अद्याप गेलेला नाही. त्या दुष्काळाने दोन गोष्टी शिकविल्या. मजुराच्या हाताला काम हवे ही पहिली. तिच्यातून रोजगार हमी योजना आकाराला आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. गावाला बारमाही पिण्याचे पाणी हवे ही दुसरी. तिच्यातून कठीण खडकात विंधन विहिरी घेण्याचा मोठा कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगावी हातपंप उभे राहिले. पाण्यासाठी मैल मैल चालणाऱ्या माउलीला त्या हातपंपाने केवढा दिलासा दिला, हे विसरून चालणार नाही. पण जे यंत्र पिण्याच्या पाण्यासाठी आले, तेच पुढे शेतीच्या पाण्यासाठी शेकडो फूट खाली जाऊ लागले. तेथून आजच्या प्रश्नाला सुरुवात झाली.

आपल्या पायाखालचा खडक

महाराष्ट्राच्या सुमारे ८० टक्क्यांहून अधिक भूभागाखाली काळा पाषाण, म्हणजेच बेसाल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखींतून वाहिलेल्या लाव्हाचे थर एकावर एक साचून हा प्रदेश तयार झाला. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या त्या थरांच्याच आहेत.

पाण्याच्या दृष्टीने हा खडक कंजूष आहे. गंगेच्या मैदानातील वाळू-मातीचे जाड थर स्पंजासारखे पाणी धरतात. आपला घट्ट पाषाण तसे धरत नाही. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या मुरमात, थराच्या माथ्याकडील सच्छिद्र भागात आणि खडकाच्या भेगांत. शंभर घनमीटर बेसाल्टमधून उपसून घेता येईल असे पाणी साधारणतः १ ते ३ घनमीटर एवढेच निघते. पाऊस पडला की आपली विहीर भराभर वर येते आणि उपसा सुरू झाला की तितक्याच भराभर खाली जाते, त्याचे कारण हेच आहे. आपली तिजोरी लहान आहे. ती दरवर्षी भरते आणि दरवर्षीच रिकामी होते.

खोल गेले की अधिक पाणी मिळते, हा समज येथे फार महागात पडतो. खाली घट्ट खडक वाढत जातो, भेगा कमी होत जातात. फार खोल लागलेले पाणी पुष्कळदा वर्षानुवर्षे मुरून साचलेले असते. एकदा उपसले की ते लवकर भरून येत नाही. शिवाय खोल विंधन विहीर वरच्या थरातील पाणीही आपल्याकडे ओढते आणि शेजाऱ्याची उथळ विहीर कोरडी पडते. एकाच्या शेतातील तीनशे फूट खोल छिद्राने चार घरांचे नुकसान झाल्याची उदाहरणे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

मोजतात कसे?

भूजल यंत्रणेने राज्याचे दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रांत विभाजन केले आहे. या क्षेत्रांत निरीक्षण विहिरी निवडलेल्या आहेत. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा त्यांची पाणीपातळी मोजली जाते. मे महिन्यातील पातळी ही तिजोरी रिकामी असतानाची आणि ऑक्टोबरमधील पातळी ती भरल्यानंतरची. या दोहोंतील फरक, क्षेत्रफळ आणि खडकाची पाणी देण्याची क्षमता यांचा गुणाकार केला की पावसाने भूगर्भात किती भर घातली, याचा अंदाज येतो.

एखाद्या काल्पनिक गावाचे उदाहरण घेऊ. गावाचे पाणी धरणारे क्षेत्र ५०० हेक्टर आहे. मे महिन्यात विहिरीचे पाणी जमिनीपासून ९ मीटर खाली होते, ऑक्टोबरमध्ये ते ५ मीटरवर आले. म्हणजे पातळी ४ मीटर वाढली. खडकाची क्षमता २ टक्के धरू. ५०० गुणिले ४ गुणिले २ टक्के म्हणजे ४० हेक्टर-मीटर पाणी. एक हेक्टर-मीटर म्हणजे १ कोटी लिटर. तेव्हा गावाच्या खात्यात ४० कोटी लिटर पाणी जमा झाले. आकडा मोठा वाटतो, नाही का?

आता खर्च पाहू. नदी-नाल्याला वाहते ठेवणारे नैसर्गिक पाणी म्हणून दहावा हिस्सा बाजूला ठेवावा; उरले ३६. गावाची लोकसंख्या २,००० आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले, तर वर्षाला सुमारे ४ हेक्टर-मीटर लागतात. जनावरांसह ५ धरा. शेतीसाठी उरले ३१. उसाला पावसाव्यतिरिक्त वर्षभरात दीड मीटर उंचीचे पाणी द्यावे लागते असे धरले, तर या साऱ्या पाण्यात जेमतेम २० हेक्टर ऊस पिकेल. तेच पाणी रब्बी ज्वारी वा हरभऱ्यासारख्या पिकाला २५ सेंटिमीटर हिशेबाने दिले, तर १२४ हेक्टर क्षेत्र भिजेल. गावात २० हेक्टरांऐवजी ३० हेक्टर ऊस लागला, तर १४ हेक्टर-मीटर पाणी कमी पडेल. मग पिण्याच्या पाण्याची विहीर फेब्रुवारीत आटली, तर दोष पावसाला द्यायचा की आपल्या हिशेबाला?

याच हिशेबाची शासकीय भाषा थोडी वेगळी आहे. उपलब्ध भूजलापैकी ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर क्षेत्र सुरक्षित. ७० ते ९० टक्के असेल तर अंशतः शोषित. ९० ते १०० टक्के असेल तर शोषित. आणि १०० टक्क्यांच्या वर गेला तर अतिशोषित. जळगाव जिल्ह्यातील केळीचे रावेर व यावल हे तालुके, तसेच अमरावती जिल्ह्यातील संत्र्यांचे वरूड व मोर्शी हे तालुके अतिउपशासाठी दीर्घकाळ ओळखले गेले आहेत. या तालुक्यांतील शेतकरी आळशी नाही. उलट अत्यंत उद्यमशील आहे. परंतु उद्यमालाही ताळेबंदाची जोड हवी.

आकड्यांवरून निर्णय

या मोजणीचा प्रशासनाला प्रत्यक्ष उपयोग कसा होतो? पहिला उपयोग टंचाई निवारणाचा. ऑक्टोबरमधील पातळीची मागील पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना केली जाते. तिला पावसाच्या तुटीची जोड देऊन कोणत्या तालुक्यांत, कोणत्या महिन्यांत टंचाई संभवते, याचा अहवाल तयार होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून असे टंचाई आराखड्याचे तीन टप्पे असतात. खासगी विहीर कोठे अधिग्रहित करायची, तात्पुरती पूरक नळयोजना कोठे घ्यायची, टँकर कोठे लागेल, हे घागरी रिकाम्या होण्यापूर्वी ठरविता येते, ते या अहवालामुळे.

दुसरा उपयोग जागेच्या निवडीचा. पाझर तलाव कोठेही बांधला तरी पाणी मुरते, असे नाही. खाली घट्ट पाषाण असेल तर पाणी साठून उन्हात उडून जाते. खाली सच्छिद्र थर असेल तर ते मुरून खालच्या अंगाच्या विहिरींना लाभते. म्हणून बांधाची जागा ठरविताना भूवैज्ञानिकाचे मत घ्यावयाचे असते. १९८८ मध्ये भारताचा नियमित वापरासाठीचा (ऑपरेशनल) पहिला दूरसंवेदन उपग्रह आकाशात गेला आणि त्याच वर्षी नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन केंद्र स्थापन झाले. तेव्हापासून खडकांतील मोठ्या भेगा, जुने नदीपात्र, जमिनीचा उतार आणि वनाच्छादन यांचे नकाशे या कामी येऊ लागले. मातीची खोली व पोत यांचा अभ्यास नागपूरच्याच राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन विभागात १९७६ पासून चालतो. खडक, माती, झाडोरा आणि पाणी यांचा विचार वेगवेगळा करून भागत नाही. माथ्यावरची झाडी तुटली की माती वाहते, माती गेली की मुरण कमी होते, आणि त्याचा परिणाम पायथ्याच्या विहिरीत दिसतो.

तिसरा उपयोग पाण्याच्या गुणवत्तेचा. अकोला, बुलडाणा व अमरावती जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या गाळाच्या पट्ट्यात भूजल खारे आहे. या भागाला खारपाण पट्टा असेच नाव पडले आहे. तेथे आणखी एक विंधन विहीर घेणे म्हणजे आणखी एक खारी विहीर घेणे. शास्त्राने हे स्पष्ट केल्यामुळेच धरणाचे गोडे पाणी दूरवर नेणाऱ्या नळयोजना तेथे आवश्यक ठरल्या. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळते. एका लिटरमध्ये दीड मिलिग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा. पाणी दिसायला नितळ असते, चवीला बरे असते. पण मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडू लागतात आणि पुढे हाडांवरही परिणाम होतो. हे डाग सर्वांत आधी कोणाच्या नजरेस पडतील? वर्गातील गुरुजींच्या आणि बाईंच्या.

कायदा आणि संमती

‘विहीर माझ्या शेतात आहे, म्हणून पाणी माझे’ ही समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे आणि १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून तिला कायद्याचाही आधार मिळत आला. पण खडकातील पाण्याला सातबारा ठाऊक नसतो. ते उताराने आणि भेगांनी वाहते. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने १९९३ मध्ये भूजलाचा कायदा केला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरांच्या आत, त्याच्या प्रभावक्षेत्रात, नवीन विहीर घेण्यास त्याने निर्बंध घातला. त्यानंतरचा अधिक व्यापक असा २००९ चा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम १ जून २०१४ पासून अंमलात आला. अधिसूचित क्षेत्रांत ६० मीटरांहून खोल विहिरींना प्रतिबंध, पाणलोट क्षेत्र समित्या आणि भूजलाच्या उपलब्धतेनुसार पिकांचे नियोजन, ही त्याची वैशिष्ट्ये होत.

परंतु रात्री गावात शिरलेले बोअरचे यंत्र कायद्याच्या पुस्तकाने थांबत नाही. ते थांबते गावाच्या एकमुखी निर्णयाने. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने हे करून दाखविले आहे. कमी पावसाच्या प्रदेशातील या गावाने श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पाणलोटाची कामे केली. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे शेतीसाठी विंधन विहिरी घ्यायच्या नाहीत, ऊस-केळीसारखी अधिक पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत, असे बंधन स्वखुशीने घातले. पावसाची नोंद पाहून पाण्याचा अर्थसंकल्प ग्रामसभेत मांडला जातो आणि त्यावरून त्या वर्षीची पिके ठरतात. पुरंदर तालुक्यात १९७० च्या दशकात कै. विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीनेही पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यावे, हा विचार मांडला. शासनाने २०१९ मध्ये सात राज्यांसाठी सुरू केलेल्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्राचा समावेश झाला आणि गावपातळीवरचा जलताळेबंद हा तिचा पाया ठरला.

याच्या उलट चित्रही आपण पाहिले आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराची तहान भागविण्यासाठी मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी न्यावे लागले. रेल्वेने पाणी पोहोचविणे ही प्रशासनाची मोठीच कामगिरी होती. परंतु प्रत्येक तालुक्याला रेल्वे पुरवता येणार नाही आणि प्रत्येक दुष्काळात मिरजेसारखे पाणीदार गाव हाताशी असेलच, असेही नाही.

शास्त्राच्या मर्यादा आणि आपले कर्तव्य

आता एक शंका साहजिकच आपल्या मनात आली असेल. पाणलोट क्षेत्रात दहा-बारा गावे असतील आणि निरीक्षण विहिरी मोजक्याच, तर आमच्या गावाचे खरे चित्र त्यावरून कसे कळणार? ही शंका रास्त आहे. बेसाल्टचा स्वभाव शंभर पावलांवर बदलतो. शासनाचे आकडे तालुक्याची आणि पाणलोटाची दिशा दाखवितात. गावाचा बारकावा गावानेच भरावयाचा असतो. नारळ हातात घेऊन फिरणाऱ्या पाणाड्याच्या शब्दावर कर्ज काढणारा शेतकरी, गावाने स्वतः मोजलेल्या आकड्यावर विश्वास ठेवणार नाही, असे मला वाटत नाही. आकडा त्याच्या डोळ्यांसमोर मोजला गेला पाहिजे, एवढेच.

म्हणून तीन विनंत्या करतो. शिक्षकांनी शाळेत पर्जन्यमापक ठेवावा आणि गावातील चार विहिरी निवडून मुलांकडून, मोठ्यांच्या देखरेखीखाली, दरमहा पातळीची नोंद करून घ्यावी. फळ्यावर लिहिलेला तो आकडा संध्याकाळी प्रत्येक घरी पोहोचतो. पंचायत सदस्यांनी ऑक्टोबरची नोंद हाती येताच, रब्बीच्या पेरणीपूर्वी, ग्रामसभेत पाण्याचा जमाखर्च वाचून दाखवावा. पिण्याचे पाणी आधी बाजूला काढावे आणि मगच पिकांची चर्चा करावी. अल्पभूधारक आणि विहीर नसलेली कुटुंबे त्या सभेत बोलतील, याची विशेष काळजी घ्यावी, कारण पाणी आटल्यावर सर्वांत आधी त्यांच्याच घरातील बाई डोक्यावर घागर घेऊन निघते. अधिकाऱ्यांनी अहवाल गावाच्या भाषेत द्यावा. हेक्टर-मीटर म्हणून थांबू नये. किती परस पाणी उरले, त्यात किती एकर ज्वारी निघेल आणि पिण्याची विहीर कोणत्या महिन्यापर्यंत पुरेल, हे सांगावे.

असा जमाखर्च वाचून दाखविला की भांडणे होणार, हे मी जाणतो. ऊस लावलेला बागायतदार नाराज होईल, नव्या बोअरची परवानगी नाकारलेला भाऊबंद बोलणे टाकील, पुढच्या निवडणुकीची आठवण करून दिली जाईल. पण आकडा समोर असला की वाद माणसामाणसांत राहत नाही. तो पाण्याविषयीचा होतो आणि मग त्यावर तोडगा निघू शकतो. शास्त्र आपल्याला निर्णय घेऊन देत नाही. किती आहे आणि काय केले तर काय होईल, एवढेच ते सांगते. कोणाला किती द्यायचे, पुढच्या उन्हाळ्यासाठी किती राखायचे, हे ग्रामसभेनेच ठरवावयाचे आहे.

येत्या ऑक्टोबरमध्ये निरीक्षण विहिरींची मोजणी होईल. त्या आठवड्यात आपापल्या गावातील विहिरीत आपणही टेप सोडावा, आलेला आकडा वहीत लिहावा आणि तो ग्रामसभेपुढे ठेवावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.